डावं मडगार्ड

माझ्या बाबांचा राग, लोभ, भूक आणि झोप, सगळं त्यांच्या हातोडीतून ऐकू यायचं. तिसगावात पाथर्डी रस्त्याला लागून आमचं घर, घरापुढे अंगण आणि निम्म्या अंगणावर शेड टाकून बाबांचं डेंटिंगचं दुकान. ठोकर बसलेल्या जीपा, चेपलेली टेम्पोची दारं, ट्रॅक्टरची वाकडीतिकडी मडगार्डं असं सगळं तिथं यायचं आणि बाबा ते ठोकून ठोकून सरळ करून परत पाठवायचे. गावात त्यांना दानियल मिस्त्री म्हणत. हातोडी बारीक, एका लयीत चालली की समजायचं, मिस्त्री खूश आहेत, आज काही मागितलं तर नाही म्हणणार नाहीत. मधेच एक जोराचा घाव आणि मग शांतता झाली, म्हणजे कुणी गिऱ्हाईक शहाणपणा शिकवायला आलेलं आहे. आई चुलीपाशी बसून हे ऐकायची आणि त्या अंदाजाने हुलग्याच्या शेंगुळ्यांत तिखट कमी-जास्त करायची. राग असला की तिखट कमी, कारण तापलेल्या माणसाला आणखी कशाला तापवा, असं तिचं म्हणणं. माझ्या सुनांना हे खरं वाटत नाही. त्यांच्या घरातले पुरुष रागावले की मोबाईल बघतात, त्याचा आवाज येत नाही, म्हणून त्यांची पंचाईत होते.

मला स्वतःला लहानपणापासून हसण्याचा आजार. नको तिथं हसू फुटायचं आणि एकदा फुटलं की थांबायचं नाही. चर्चमध्ये उपदेश चालू असताना फुटायचं, कुणाच्या मयताला फुटायचं. आई माझ्या शेजारी बसायची ती केवळ चिमटे काढण्यासाठी. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढे जे झालं त्यात या आजाराचा मोठा वाटा आहे.

शेडच्या मागे लिंबाखाली एक जुनी अमेरिकन मोटार उभी होती. नगरच्या कुठल्याशा मिशन बंगल्यातून ती दुरुस्तीला आली, मालक आपल्या देशी निघून गेला आणि गाडी राहिली ती राहिलीच. (जिल्ह्याचं नाव आता अहिल्यानगर झालंय, पण आमच्या तोंडात नगरच बसलंय, त्याला इलाज नाही.) तिची पुढची मडगार्डं गळून पडली होती, बॉनेटची चाळण झाली होती, आणि मागच्या सीटवर आमच्या कोंबड्या अंडी घालायच्या. मी बारावीला बसले तेव्हा बाबा मोठ्या दिलदारपणे म्हणाले, "पास झालीस तर ती गाडी तुझी." मी पास होईन असं त्यांना वाटत नव्हतं, मलाही वाटत नव्हतं. पण पास झाले. निकालाच्या दिवशी पेढ्यांच्या आधी मी कोंबड्या हाकलल्या आणि स्टिअरिंगवर बसले.

मामाने मला एक इंग्रजी मासिक आणून दिलं होतं, रद्दीतलं. त्यात एका गाडीचं रंगीत चित्र. जुनीच गाडी, पण जमिनीला टेकल्यासारखी बुटकी, पुढची चाकं बारीक, मागची जाडजूड, वर छप्पर नाही, आणि रंग असा लाल की बघताना डोळे मिटावेत. तिला म्हणे हॉट रॉड म्हणतात. मामाने त्याचं मराठी केलं, तापलेली सळई. त्या दिवसापासून मी रस्त्याने चालताना सुद्धा तोंडाने इंजिनाचे आवाज काढायला लागले. मला तशीच गाडी पाहिजे होती. छप्पर कापायचं, गाडी खाली बसवायची, लाल रंग मारायचा. दारं गंजून गेलीच होती, ती पुन्हा लावायची की नाही यावर आमची चर्चा झाली तेव्हा मामा म्हणाला, "शिंगणापूरला घरांना दारं न्हाईत, कुनाचं काय आडतंय? मग गाडीला कशाला पायजेत?" बाबांनाही ते पटलं. मामाची बाबांना पटलेली ती बहुधा पहिलीच गोष्ट.

हा शांतवन मामा, माझ्या आईचा धाकटा भाऊ, आमच्याच घरी राहायचा. बाबांच्या हाताखाली पत्र्याचं काम शिकायला म्हणून आला होता, पण हातोडीशी त्याचं जमलं नाही. पत्रा सरळ करायला घेतला की तो दुसरीकडे वाकडा व्हायचा. मग पुण्यात कुणाच्या तरी ओळखीने तो फायबरचं काम शिकून आला. काचेच्या धाग्यांची चटई, त्यावर रेझिन नावाचा मधासारखा चिकट रस, तो घट्ट व्हावा म्हणून त्यात थोडं हार्डनर, आणि साच्यावर थरावर थर. वाळलं की हलकी, कडक वस्तू तयार. मामा या कामात असा रमला की जे दिसेल त्याचं फायबर करायला लागला. करंजीच्या एका ढाब्यासाठी त्याने माणसाएवढा कोंबडा केला, तो बघून आमच्या कोंबड्या दोन दिवस खुराड्याबाहेर आल्या नाहीत. चर्चच्या नाताळच्या गव्हाणीसाठी, बाळ येशूला बघायला आलेल्या मागी लोकांचा उंट केला. चौथ्या पायाला रेझिन पुरलं नाही, म्हणून उंट गवताच्या गंजीआड उभा केला आणि दरवर्षी तो तिथंच उभा राहिला. सगळ्या घरात रेझिनचा तो उग्र, गोडसर वास. आई म्हणायची, "शांत्या, माझ्या करंज्यांना वास लागला तर तुला त्या उंटाशेजारी जेवायला वाढीन."

माझ्या गाडीला इंजिन बसवलं उस्मानभाईंनी. बाबांचे दोस्त, शेजारच्याच गाळ्यात मेकॅनिक. लष्करी लिलावातल्या जीपचं इंजिन त्यांनी असं काही बसवलं की पहिल्यांदा चालू केलं तेव्हा लिंबावरचे सगळे कावळे उडाले. आता राहिलं अंग. बॉनेट आणि मडगार्डं नव्याने करायची, ती कशाची करायची? हा प्रश्न एका रात्रीच्या जेवणात निघाला आणि नाताळ तोंडावर आला तरी मिटला नाही.

"पत्र्याची," बाबा म्हणाले, जणू यात विचारण्यासारखं काही नाहीच.

"दाजी, फायबरची करू," मामा म्हणाला. "निम्म्याहून हलकी हुतील. करंजीचा घाट चढायचा म्हनलं तर वजन नडंल."

बाबांनी भाकरी ताटात ठेवली. "तुझ्या फायबरवर बोट वाजवून बघ. आवाज हाय का त्याला?"

"मडगार्ड काय पेटी हाय व्हय, वाजवायला?"

"ठोकर बसली की पत्रा चेपतो, पुन्ना ठोकला की सरळ. तुझं फुटतं. फुटलं की सुपात भरून उकिरड्यावर."

"पन गंजत न्हाई! तुमच्या पत्र्याजवळ पान्याचं नाव काढलं तरी त्याला गंज चढतो."

"तिसगावात पानी हाय कुठं गंजायला?" बाबा म्हणाले, आणि मी तोंडातला घास सांभाळू शकले नाही. उस्मानभाई त्या दिवशी जेवायला होते, ते शांतपणे म्हणाले, "इंजिनाला कोट घाला न्हाईतर सदरा घाला, चढ त्यालाच चढायचाय."

हसण्यावारी नेलं तरी ते हसण्यासारखं राहिलं नाही. दुसऱ्या दिवशी मामा मला म्हणाला की पुण्याच्या फायबरच्या कारखान्यातून त्याला बोलावणं आलंय. नाताळनंतर कळवायचं होतं. "तुझी गाडी फायबरची झाली तर रस्त्यानं जानारं-येनारं बघंल, चार कामं येतील, मी हितंच दुकान टाकीन," तो म्हणाला. "न्हाई तर हितं मला काय हाय? कोंबडा झाला, उंट झाला. आता काय हत्ती करू?" आणि बाबांचं तर सरळच होतं. ते मला काही बोलले नाहीत, पण आईला सांगताना मी ऐकलं, "माझ्याच अंगनात माझ्याच पोरीची गाडी फायबरची झाली, तर लोकं इच्यारतील, मिस्त्री, तुमी आता करता काय?" त्यानंतर हातोडी कितीतरी वेळ वाजलीच नाही. दुपारी सुद्धा नाही. आईने त्या दिवशी कालवणात तिखटच घातलं नाही.

आणि शेवटी दोघांनी मिळून ठरवलं काय, तर एस्तूने ठरवावं. एस्तू म्हणजे मी, एस्तेर. गाडी तिची, तर निवडही तिची. सांगताना किती सोपं! मी फायबर म्हणाले तर बाबांची हातोडी गप्प, मी पत्रा म्हणाले तर मामा पुण्याला. मला मामाशिवायच्या घराची कल्पनाही करवत नव्हती. तो माझ्यापेक्षा थोडासाच मोठा, माझ्या सगळ्या उचापतींत सामील. बाबांच्या हातोडीशिवायचं घर तर मी कधी पाहिलंच नव्हतं. मी ठरवायचं टाळायला लागले. दोघं मला फितवायला लागले. बाबा मला शेडमध्ये बोलवायचे, हातात हातोडी द्यायचे, खाली लोखंडी ठोकळा धरायला शिकवायचे, आणि सपाट पत्रा हळूहळू पोट फुगवून गोल व्हायला लागला की म्हणायचे, "बघ, कसा ऐकतोय." मी म्हणायची, पत्राच! मग मामा फायबरचा तुकडा जमिनीवर पालथा टाकून त्यावर उड्या मारायचा, "बघ, फुटला का? फुटला का?" मी म्हणायची, फायबरच! एका दुपारी मी दोनदा मत बदललं, आणि आईने मला पाण्याला पाठवून दिलं.

वाद मिटावा म्हणून उस्मानभाईंनी तोड काढली. एक नमुना करायचा. डावं मडगार्ड बाबांनी पत्र्याचं करावं. त्याच्यावरून मामाने साचा घ्यावा आणि साच्यातून तेच मडगार्ड फायबरचं करावं. आधी एक लावून फेरी मारायची, मग दुसरं लावून. मग एस्तू सांगेल. बाबांनी पत्रा आणला आणि कामाला लागले. काय सांगू, पुन्हा हातोडी सुरू झाली ती बारीक, एका लयीत, सकाळी चहाच्या आधीपासून. मडगार्ड तयार झालं तेव्हा त्याचा तो गोल उतार बघून मला त्यावर गाल टेकवावासा वाटला, आणि मी टेकवला सुद्धा. थंड होता. मामाही बघत राहिला. त्याने खांद्यावरचा टॉवेल काढून हातात घेतला, चर्चमध्ये शिरताना लोक टोपी काढतात तसा.

आता फायबरच्या कामातली एक गोष्ट सांगायला हवी. साचा ज्या वस्तूवरून घ्यायचा, तिला आधी मेण लावतात. मेण असलं की वाळलेलं फायबर अलगद सुटून येतं. मेण नसेल आणि वस्तू घासून खरबरीत केलेली असेल, तर फायबर असं चिकटतं की देवाचं नाव घ्या. मामाला हे पक्कं ठाऊक होतं. आदल्या दुपारी त्याने स्वतः त्या मडगार्डाला फडक्याने मेण लावलं, पुन्हा पुन्हा घासून लखलखीत केलं, आणि लिंबाखाली बाजेवर ठेवून दिलं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आमच्याकडे कॅरलची मंडळी यायची होती. नाताळच्या आधी गावातली मंडळी पेटी, ढोलकी, टाळ घेऊन घरोघर गाणी म्हणत फिरतात, आणि ज्यांच्या घरी जायचं त्या घरातली बाई त्या दिवशी माणसात नसते. माझी आई तर नाहीच नाही. पहाटे अंगण सारवलं, मग खुराडं धुतलं, मग बाज, मग बाजेवर जे होतं ते. मडगार्डावर तिला काहीतरी तेलकट लागलं. "बाई बाई, मान्सं टेकतील आन् कापडं खराब हुतील," म्हणून तिने सोड्याचं गरम पाणी आणि काथ्या घेऊन ते असं धुतलं की मेणाचा मागमूस राहिला नाही. नंतर बाबा तिकडून गेले. आपलंच मडगार्ड उन्हात एवढं स्वच्छ कधी पाहिलं नव्हतं, म्हणून थांबून निरखून बघितलं, तर त्यांना त्यात एक बारीकशी लाट दिसली. दुसऱ्या कुणाला दिसली नसती. बाबांनी पॉलिश पेपर घेतला आणि सबंध मडगार्ड घासून काढलं. दोघांपैकी कुणी कुणाला काही सांगितलं नाही, कारण सांगण्यासारखं काय होतं? आई रोजच धुते, बाबा रोजच घासतात. दुपारी मामा आला, मडगार्ड चमकताना बघून, आपलंच मेण समजून खूश झाला, आणि त्याने चटई अंथरून रेझिन ओतायला सुरुवात केली. थंडीचे दिवस म्हणून हार्डनरही चार थेंब जास्तच घातलं. कॅरलवाल्यांसमोर साचा सोडवून दाखवायचा, असा त्याचा बेत होता.

मंडळी आली तेव्हा ऊन कलत होतं. एक गाणं झालं, करंज्या आणि चहा फिरला, आणि मामा मध्ये येऊन उभा राहिला. जादूगार रुमाल झटकतो तसं त्याने गोणपाट ओढलं. मग साच्याच्या कडेला बोटं घातली आणि ओढलं. काही झालं नाही. हसून तो म्हणाला, "थंडीनं जरा आखडलंय." पुन्हा ओढलं. लाकडी हातोडीने ठोकलं. गरम पाणी ओतलं. पाचर घातली, ती मोडली. बाबा लांब उभे होते. ते जवळ आले आणि म्हणाले, "माझं मडगार्ड दे." मामा म्हणाला, "देतो की, आधी सुटू तर द्या." मग एका बाजूने बाबा, दुसऱ्या बाजूने मामा. मग बाबांच्या कमरेला ढोलकीवाला, मामाच्या कमरेला टाळवाला. कुणीतरी पेटी सुरू केली आणि जोर लावायच्या जागी सगळे मिळून हल्लेलुया म्हणायला लागले. मी कधीच खाली बसून पोट धरलं होतं. शेवटच्या हल्लेलुयाला सगळ्यांचे हात एकदम निसटले, दोन्ही बाजूची माणसं पाठीवर पडली आणि मडगार्ड मध्येच, होतं तसं एकजीव, जमिनीवर डुलत राहिलं. आणि माझी आई, जी पाहुण्यांसमोर कधी दात दाखवत नसे, ती पदर तोंडात कोंबून भिंतीला टेकली आणि हसता हसता रडायला लागली.

मामा उठला तेव्हा त्याचा चेहरा उतरला होता. "तुमचं बी गेलं, माझं बी गेलं," तो म्हणाला. बाबा मडगार्डापाशी उकिडवे बसले. वर फायबर, खाली पत्रा. बोटाने वाजवलं. मग हातोडी घेऊन वाजवलं. मग कड डोळ्यांशी धरून कितीतरी वेळ बघत राहिले.

"चिकटलंय मात्र झकास," ते म्हणाले. "कुठं फट न्हाई."

"घासल्याबिगर असं चिकटतच न्हाई," मामा म्हणाला. "कुनी घासलं?"

"मी."

"आन् मेन?"

"मेन हुतं व्हय ते?" आई भिंतीपासून म्हणाली.

मग बाबा म्हणाले, "मंजे तिघांनी मिळून केलंय. एस्तू, तू सांग आता. पत्रा का फायबर?"

मला हसू आवरत नव्हतं, श्वास पुरत नव्हता, पण इतके दिवस जे सांगता येत नव्हतं ते मी त्या हसण्यातच सांगून टाकलं. "ह्येच पायजे. उजवं बी असंच करा. मला मामा बी पायजे आन् बाबांची हातोडी बी पायजे. दोन्ही न्हाई मिळालं तर गाडी कोंबड्यांना परत देऊन टाका." बोलता बोलता मला रडू आलं, तरी हसू थांबेना, आणि दोन्ही एकदम होतं तेव्हा माणूस कसा दिसतो ते तिथल्या सगळ्यांनी पाहिलं.

उजवं मडगार्ड मुद्दाम तसं करायचं होतं. बाबांनी पत्रा ठोकला, आईने सोड्याने धुतला, बाबांनी घासला. मामा सवयीने मेणाचा डबा उघडायला लागला तेव्हा आईने त्याच्या हातावर चापट मारली. बॉनेटही तसंच केलं. उस्मानभाई येऊन बघून गेले आणि म्हणाले, "आता कोट आन् सदरा दोन्ही घाला. इंजिनाचे हाल कुत्रं खाईना." लाल रंग मारला. नाताळला मी चर्चला त्या गाडीतूनच गेले, चर्च हाकेच्या अंतरावर असूनही. आज रस्त्यावरून कुठल्या कुठल्या गाड्या जातात, आपोआप काचा खाली होतात, आतून बाई रस्ता सांगते. मला एकीचाही हेवा वाटत नाही.

पण मामाचं पुणं काही सुटलं नव्हतं. नाताळ झाला तरी तो राहतो म्हणाला नाही. "तीन नगांवर दुकान चालतं व्हय?" असं एकदा म्हणाला आणि आपली लोखंडी ट्रंक भरायला बसला. बाबांनी त्याला राहा म्हणायला हवं होतं. आई त्यांच्याकडे बघायची, मी बघायची. पण बाबांना ते शब्द यायचे नाहीत, ते शेडमध्ये जाऊन उगाच एखादा सरळ पत्रा ठोकत बसायचे. शेवटी असं ठरलं की नव्या वर्षाच्या दिवशी उपासना झाली की माझी गाडी पहिल्यांदा करंजीचा घाट चढेल आणि मामाला नगरच्या स्टँडवर सोडेल. म्हणजे माझी गाडी चढली तर मामा जाणार होता. मला आयुष्यात पहिल्यांदा वाटलं की माझी गाडी चढू नये.

मी चालवायला, शेजारी आई फराळाचा डबा मांडीवर घेऊन, मागे बाबा, मामा आणि मामाची ट्रंक. उस्मानभाई सायलेन्सरजवळ लटकलेले. तिसगाव ते करंजी आम्ही असे गेलो की रस्त्याकडेची माणसं भाकरी हातात धरून उभी राहिली. दारं नव्हती, त्यामुळे वारा थेट अंगात शिरत होता, आईचा पदर मागे बाबांच्या तोंडावर फडफडत होता, आणि मी ओरडून गाणं म्हणत होते. मग घाट लागला. मडगार्डं दुप्पट जड, बॉनेट दुप्पट जड, आणि तिसऱ्या वळणाला गाडी अशी काही धापा टाकायला लागली की उस्मानभाई उतरून पाण्याचा डबा घेऊन शेजारून चालायला लागले आणि आमच्या पुढे गेले. मग बाबा उतरले, मग मामा उतरला. दोघं मागून ढकलू लागले, खांद्याला खांदा लावून. ट्रंक तेवढी सीटवर बसून होती, साहेबासारखी.

शेवटच्या वळणावर वरून एक उसाचा ट्रक येत होता. ड्रायव्हरने आमची गाडी बघितली आणि चक्क ट्रक थांबवला. खिडकीतून बाहेर वाकून तो ओरडला, "लई भारी हाय की! बॉडी कशाची हो?"

आणि मागून दोघं एकदमच बोलले. बाबा म्हणाले, "फायबरची!" मामा म्हणाला, "पत्र्याची!"

मी आरशात बघितलं. दोघं एकमेकांकडे बघत होते, तोंडं उघडी. ट्रकवाला म्हणाला, "आधी घरात ठरवून या!" आणि माझा आजार उफाळला. हसताना माझा पाय क्लचवरून निसटला, इंजिनाने एक उचकी दिली आणि बंद पडलं. गाडी मागे सरकायला लागली. हसण्यात पायाला ब्रेक सापडेना आणि हँडब्रेक नावापुरताच होता. उस्मानभाई ओरडले, "दगड! चाकामागं दगड!" दगड कुठे नव्हता. मामाने हाताला लागलं ते ओढलं आणि मागच्या चाकाखाली फेकलं. कडकड असा मोठा आवाज झाला आणि गाडी थांबली.

ती मामाची ट्रंक होती. चाक तिच्यावर चढून बसलं होतं, झाकण आत गेलं होतं, कड्या तुटल्या होत्या, आणि फटीतून मामाच्या सदऱ्याची एक बाही बाहेर आली होती. आम्ही सगळे उतरून भोवती उभे राहिलो. बाबा उकिडवे बसले, ट्रंकेवरून हात फिरवला, बोटाने वाजवलं, कड डोळ्यांशी धरून बघितली.

"लई चेपलीय," ते शेवटी म्हणाले. "सरळ करायला दिवस लागतील. शांतवन, तवर तुला जाता यायचं न्हाई."

"किती दिवस, दाजी?" मामाने विचारलं.

"कामावर हाय," बाबा म्हणाले.

आम्ही घाटातूनच परत फिरलो, आणि उतारावर माझी गाडी काय पळाली म्हणून सांगू! मामाने पुढे रस्त्याकडेलाच दुकान टाकलं, त्याचे कोंबडे आता जिल्हाभर ढाब्यांपुढे उभे आहेत. बाबांनी आयुष्यभर लोकांच्या जीपा, टेम्पो, ट्रॅक्टर सरळ करून दिले. ती ट्रंक मात्र त्यांनी शेडच्या कोपऱ्यात ठेवली आणि शेवटपर्यंत तिला हातोडी लावली नाही.